ठिबकवरून समजावलेलं हृदय

हार्ट अटॅक आलेला माणूस आमच्याकडे बहुतेक वेळा मोटरसायकलवर येतो. पुढे मुलगा, मागे शेजारी आणि मध्ये घट्ट धरून बसवलेला पेशंट. बाहेरगावच्या लोकांना हे खरं वाटत नाही. त्यांना वाटतं, अटॅक आला की माणूस छातीला हात लावून जागीच कोसळतो. आमच्याकडचा माणूस आधी बैलांना चारा टाकतो, मग आंघोळ करतो, दवाखान्यात जायचं म्हणून धुतलेले कपडे घालतो आणि मग निघतो. पाचोऱ्याकडचे एक गृहस्थ तर रेल्वेने आले होते, आणि स्टेशनपासून चालत. छातीत दुखायला लागून चार तास झाले होते. एवढा उशीर का केला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "मी कुठं केला? गाडी लेट होती."

मी जळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या विभागात, टेक्निशियन आहे. या कामात सात वर्षं झाली. पहिली दोन धुळ्यात, पुढची पाच इथे. दिवाळी अंकात कामाचे अनुभव निवृत्त माणसांनी लिहावेत, असं माझं मत होतं. अंकवाल्यांनीही आधी आमच्या नानांनाच विचारलं होतं. नाना आमच्या लॅबमधले सर्वांत जुने टेक्निशियन, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे समोर कोणीही असो, ते अहिराणीच बोलतात. ते म्हणाले, "मी बोलस, लिखस नही. मॅडम बोलतस नही, मंग त्या लिखतीन." माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं आणि मराठीत मी यापूर्वी रजेचे अर्जच काय ते लिहिलेत. पण नानांना नाही म्हणायला बरंच बोलावं लागतं. त्यापेक्षा लिहिणं सोपं.

आधी कामाचं सांगते. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं. ते पुरवणाऱ्या तीन मोठ्या रक्तवाहिन्या हृदयाच्या बाहेरच्या अंगावरून उतरतात. त्यांच्या भिंतीत वर्षानुवर्षं चरबी साठत जाते. माणसाला पत्ता नसतो. मग एक दिवस त्या चरबीवरचा पापुद्रा फाटतो, तिथे रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. त्या वाटेवर जगणारा हृदयाचा भाग मिनिटामिनिटाने मरायला लागतो. हाच अटॅक. अशा वेळी मनगटातल्या रक्तवाहिनीतून एक लांब, लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून केसासारखी तार बंद जागेच्या पलीकडे घालतात, मग छोटा फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि ती पुन्हा मिटू नये म्हणून तिथे जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. हे सगळं आमचे डॉक्टर करतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. माझी जागा काचेच्या अलीकडे, मॉनिटरसमोर. ब्लडप्रेशर आणि ईसीजीवर नजर ठेवायची, काही बिघडलं की लगेच ओरडायचं, फुगा किती सेकंद फुगवला ते मोजायचं, सर मागतील त्या मापाचा स्टेंट त्यांनी मागायच्या आत काढून ठेवायचा. दिवसभर शांत राहून एखाद्या क्षणी मोठ्याने ओरडणं, हे माझ्या स्वभावाला मानवेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मानवलं.

पेशंट या सगळ्या वेळात जागा असतो आणि बोलत असतो. धुळ्यात असताना एक बाई दातांच्या डॉक्टरांकडून आमच्याकडे आल्या होत्या. तीन दिवस जबडा दुखत होता म्हणून त्या दात काढायला गेल्या होत्या. त्या डॉक्टरांना शंका आली आणि त्यांनी ईसीजी काढायला लावला. बायकांमध्ये, त्यातून डायबेटीस असेल तर, अटॅक असा वेष बदलून येतो. टेबलावरही त्या सांगत होत्या, "दात दुखस वं माय, छाती नही. तुम्ही दात सोडीसन हातले काय करी राह्यनात?" स्टेंट बसला आणि जबडा दुखायचा थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"दात काढी लिधा का?"

"नाही, आजी."

"मंग दुखनं कसं काय थांबनं?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि तोंडात बोट घालून दात आहे का ते चाचपून पाहिलं.

ही समजावून सांगण्याची कामगिरी माझ्याकडे जळगावात आल्यावर पक्की आली. सरांना वेळ नसतो. ते मला म्हणतात, "नातेवाइकांना फिल्म दाखवा." फिल्म म्हणजे रक्तवाहिन्यांत औषध सोडून काढलेलं हलतं चित्र. सुरुवातीला मी फार वाईट दाखवायची. मला त्या वाहिन्यांची नावं इंग्रजीत पाठ होती आणि मराठीत काहीच सुचत नव्हतं. मी 'लेफ्ट अँटिरियर' वगैरे म्हणत राहायची, समोरची माणसं स्क्रीन सोडून माझ्या तोंडाकडे पाहत राहायची, आणि शेवटी एखादी आजी विचारायची, "म्हंजी वाचतीन का?"

सगळ्यात कठीण होतं ते एकापेक्षा जास्त ब्लॉकेज असलेल्यांचं. अशा पेशंटची जी वाहिनी बंद पडून अटॅक आला, ती आधी उघडतात. बाकीच्या दोन अर्धवट बंद असतात. त्या लगेच उघडायच्या, काही आठवड्यांनी उघडायच्या, की बायपास करायची, हे पेशंटची तब्येत, किडनी, ब्लॉकेजची जागा असं सगळं पाहून सर ठरवतात. पुष्कळदा काही आठवड्यांनीच. पण पेशंटला पहिल्याच स्टेंटनंतर इतकं बरं वाटतं, की पुढचं काम राहिलंय हे त्याला पटत नाही. दुखत नाही, तर पुन्हा टेबलावर कशाला झोपायचं?

मग एकदा चुलत बहिणीच्या साखरपुड्याला जाताना रस्त्याकडेच्या शेतात ठिबकच्या काळ्या नळ्या दिसल्या. दुसऱ्या दिवशी पहूरचं एक कुटुंब समोर होतं. मी कागदावर रेघा ओढल्या आणि म्हणाले, "ही मेन. हिच्यातून या तीन सबमेन. त्यांच्यातून पुढे नळ्या. ही सबमेन चोंदली, म्हणून या पट्ट्यातली झाडं सुकायला लागली. ती आज मोकळी केली. या दोन अर्ध्या चोंदल्यात. आज पाणी जातंय, पण कधी बंद होईल सांगता येत नाही." पेशंटच्या भावाने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि उरलेलं चित्र स्वतःच काढलं. फिल्टर, व्हॉल्व्ह, सगळं. तो पेशंट सांगितलेल्या तारखेला हजर झाला. त्यानंतरचेही बरेच आले. ठिबकचा दाखला लॅबभर झाला. सर पेशंटला म्हणायला लागले, "ठिबकवाल्या मॅडम समजावतील." मी वरवर काही दाखवलं नाही, पण त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होते.

अशात असोद्याचे रघुनाथआबा आले. केळीचे बागायतदार, वय पासष्टच्या पुढे, अर्थातच मोटरसायकलवर मधल्या जागेवर. सकाळी व्हॉल्व्ह फिरवताना छातीत दाटून आलं, घाम फुटला, तरी उरलेले व्हॉल्व्ह फिरवूनच घरी आले होते. हृदयाची उजवीकडची वाहिनी पूर्ण बंद होती आणि डावीकडच्या दोन्हींमध्ये मोठे ब्लॉकेज होते. सरांनी उजवी उघडायला घेतली. मी स्टेंटचं पाकीट द्यायला आत गेले, तर आबा मान वाकडी करून स्क्रीनकडे पाहत होते.

"पोरी, ते हालू राह्यलं ते काय हाय?"

"तुमचं हृदय, आबा."

"माह्यं?" ते थोडा वेळ बघत राहिले. "आसं लहान काबरं दिसतं?"

"गप पडा, आबा," सर म्हणाले, "नाहीतर आणखी लहान होईल."

उजवी वाहिनी उघडली, ईसीजीतली वर चढलेली रेघ खाली आली, आबांचा रंग परत आला. दुसऱ्या दिवशी आयसीयूत त्यांनी मला बोलावून घेतलं. नातेवाइकांना काय दाखवलं ते मलाही दाखव, म्हणाले. मी कागद काढला. मेन, सबमेन, नळ्या. आबा उठूनच बसले. असा विद्यार्थी मला पुन्हा मिळाला नाही.

"फिल्टर कोनतं?"

"किडनी म्हणता येईल."

"प्रेशर?"

"सध्या एकशे तीस."

"मंग दोन सबमेन आजून चोंदेल हायेत."

"हो. त्यांच्यासाठी चार आठवड्यांनी यायचं. आणि या दोन गोळ्या रक्त पातळ ठेवायच्या. त्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत."

"समजलं," आबा म्हणाले. पलीकडच्या पलंगावरच्या पेशंटला त्यांनी लगेच सांगितलं, "ही पोरगी आपल्यातली हाय. बराबर सांगते." मी कागद घडी करून त्यांच्या हातात दिला. तो त्यांनी बंडीच्या आतल्या खिशात ठेवला.

चार आठवडे झाले. सोमवार आला, आबा आले नाहीत. मंगळवारीही नाहीत. न आलेल्या पेशंटना फोन करणं हेही माझ्याच वाट्याला आहे. फोन करण्याआधी मी काय बोलायचं ते कागदावर लिहून घेते. पहिल्या फोनला त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, "आबा बागात गेलेत. एकदम ठणठणीत हायेत, मॅडम. काल निंबाचं झाड चढले." दुसरा फोन आबांनी स्वतः घेतला.

"आबा, तुमची तारीख सोमवारी होती."

"हाव. मी येकवीस दिवसांनी येतो. फ्लश चालू हाय."

कागदावर लिहिलेल्या वाक्यांपैकी एकही इथे बसत नव्हतं. "काय चालू आहे?"

"आगं, तूच तं सांगलं. सबमेन चोंदेल हाय. चोंदेल नळी कोनी काढून फेकतं का? ॲसिड सोडायचं आन फ्लश करायची. मोबाईलवर आलेलं हाय बठ्ठं. लसून, आलं, निंबू, व्हिनेगर. रोज सकायी येक गिलास. येकवीस दिवसांत मोकळं. मंग तू पुन्हा फोटो काढ, पाहू कोन खरं."

मी जरा हसले असेन. लसूण-लिंबाचं पाणी आमच्या निम्म्या पेशंटच्या घरी असतं. मी म्हणाले, "बरं, ते असू द्या. गोळ्या तर चालू आहेत ना?"

"त्या बंद केल्या."

"बंद केल्या?"

"ॲसिड सोडलं की खत बंद ठेवा लागतं, पोरी. दोन्ही संगं सोडलं तं नळीत गोया बनतात, बठ्ठी लाईन जाते. येवढं तं लहान लेकराले माहीत हाय. तीन दिवस झाले बंद करून. येकवीस दिवस झाले की पुन्हा चालू."

आबा चुकत नव्हते. ठिबकमध्ये ते शंभर टक्के बरोबर होते. पिकाचं खतही त्याच नळ्यांतून जातं, पण ॲसिड आणि खत एकत्र सोडत नाहीत; लसणाचं पाणी त्यांचं ॲसिड होतं आणि गोळ्या खत. पण आबांच्या हृदयात चार आठवड्यांपूर्वी बसवलेला स्टेंट होता. नव्या स्टेंटवर रक्त गोठायला टपलेलं असतं. त्या दोन गोळ्याच त्याला अडवून धरतात. गोळ्या सुटल्या आणि स्टेंट आतून गोठला, तर आधीचा अटॅक पुन्हा येतो आणि तो आधीपेक्षा वाईट असतो. तीन दिवस झाले होते. तो कधीही येऊ शकत होता. आणि हे त्यांना कोणा भोंदूने सांगितलं नव्हतं. माझ्या कागदावरून ते इथपर्यंत पोचले होते.

"आबा, आत्ताच्या आत्ता गोळी घ्या."

"येकवीस दिवस होऊ दे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. पुन्हा लावला तर कोणी उचलला नाही.

सर ओपीडीत होते. मी दार ढकलून आत गेले आणि पेशंटसमोरच सगळं सांगितलं, कागदासकट. सरांनी पेन खाली ठेवलं.

"दाखला चांगला होता तुमचा," ते म्हणाले. "जरा जास्तच चांगला होता." मग त्यांनी चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या, पहिल्या वेळी किती द्यायच्या तेही लिहिलं. "फोनवर होणार नाही. कोणी जाऊ शकेल का?"

नाना दारातच उभे होते. "मी गाडी चालाडस," ते म्हणाले. "भाषण मात्र मॅडम करतीन."

दुपारचे चार वाजले असतील. असोदा जळगावपासून लांब नाही, पण तो रस्ता मला लांब वाटला. समोरून येणाऱ्या प्रत्येक मोटरसायकलवर मधल्या जागी कोण बसलंय, ते मी पाहत होते. गावात विचारलं तर कळलं, आबा खताच्या दुकानासमोर बसलेत.

ते बसले होते, त्यांना घाम आलेला नव्हता, ते चहा पीत होते. बाकावर आणि पायरीवर मिळून पाच-सहा जण होते. आबांनी मला पाहताच कप खाली ठेवला.

"हे पाहा! हीच ती पोरगी. मी सांगत व्हतो ना, हिनंच बठ्ठं ठिबक समजावून देलं."

त्यांनी खिशातून कागद काढला. घड्यांवर फाटला होता, इतक्यांना दाखवून झाला होता. बाकावरचे एक जाडसर गृहस्थ सरकून जवळ आले. "मॅडम, मले शुगर हाय. मीबी फ्लश चालू करू का? की आधी फिल्टर साफ करू?"

मला नुसत्या आबांशी बोलायचं होतं, बाजूला घेऊन, हळू आवाजात. पण आबा जागचे उठेनात आणि बाकीचे कान देऊन बसले होते. मी उभ्यानेच सुरुवात केली.

"आबा, गोळी आत्ता घ्यायची. रक्तवाहिनी म्हणजे नळी नाही."

"काल तं व्हती."

"चरबी आत चिकटलेली नसते, भिंतीच्या आत असते. लिंबू-लसणाचं पाणी तिथे पोचत नाही. ते पोटात जातं."

"ॲसिडबी आधी टाकीतच जातं. मंग लाईनीत उतरतं."

"पण रक्तात ॲसिड उतरत नाही..."

"ॲसिड नळीत किती टाईम ठेवा लागतं?"

"माहीत नाही."

"चोवीस तास. आन मंग फ्लश कुठून करायची? शेवटच्या टोकाकून, का सुरुवातीकून?"

"माहीत नाही."

"येंडकॅप कोनती खोलायची?"

"आबा, मला ठिबकमधलं काहीच माहीत नाही."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. आबांनी डोळे बारीक केले. "म्हंजी? घरी शेती कोनाकळे हाय?"

"कोणाकडेच नाही. वडील बँकेत होते. मी साखरपुड्याला जाताना रस्त्यावरून नळ्या पाहिल्या होत्या, तेवढंच."

पायरीवरच्या कोणाला तरी हसू फुटलं. "आबा! पन्नास वर्सं केयी लावली आन ठिबक शिकले साखरपुड्याच्या वऱ्हाडाकून!" मग सगळेच हसले, जाडसर गृहस्थ सर्वांत जास्त. नानाही हसले, मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांनी तोंड पुसलं. आबा हसले नाहीत. ते चिडले होते आणि त्यांना चिडायचा हक्क होता.

"मंग मले काबरं सांगलं तसं?"

"तुम्हाला समजावं म्हणून."

"मले समजलं! तुलेच समजलं नव्हतं."

"हो," मी म्हणाले. "मी अर्धंच समजून सांगितलं. चूक माझी आहे."

आबा कागद गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "आसं. मंग तुले माहीत तरी काय हाय?"

धुळ्यातली एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नव्हती. घरीसुद्धा नाही. ती मी त्या बाकापुढे सांगितली. एक शाळामास्तर होते. त्यांना स्टेंट बसला, तेव्हा फुग्याचे सेकंद मीच मोजले होते. ते माझ्याशी इंग्रजीत बोलायचे, मला बरं वाटायचं. दीड महिन्याने मुलीच्या लग्नाच्या गडबडीत त्यांच्या गोळ्या संपल्या. चार-पाच दिवसांनी आणू, म्हणून राहिल्या. ते परत आले तेव्हा मॉनिटरसमोर मीच होते. स्क्रीनवर वाहिनी नेमकी त्या स्टेंटपाशी येऊन थांबत होती, पुढे काही नव्हतं. तिथल्या सरांनी तासभर प्रयत्न केला. मी प्रेशर मोठ्याने वाचत होते, ते वाचण्यासारखं राहिलं नाही तोपर्यंत. हॉलवरची मंडळी तशीच आली होती, मुलीच्या हातावर मेंदी होती.

"मला एवढंच माहीत आहे," मी म्हणाले. "हे मी पाहिलंय. ठिबक मी पाहिलेलं नाही."

दुकानदाराने आतला रेडिओ बंद केला. समोरच्या घरातून आबांच्या पत्नी सुमनअक्का तांब्या घेऊन रस्ता ओलांडून आल्या. त्या केव्हापासून दारात उभ्या होत्या, कोण जाणे.

"तीन दिवसांची सांगू राह्यली मी," त्या आबांना म्हणाल्या. "माह्यं नाही आयकलं. मी काय बाईच हाय घरातली. आता ही येवढी पोरगी दहा मानसांत म्हनते माह्यं चुकलं म्हनून. तुम्ही म्हना येकदा."

"मी काय म्हनू?"

"काही म्हनू नका. तोंड उघडा."

नानांनी सरांची चिठ्ठी पाहून हॉस्पिटलातून आणलेल्या गोळ्या हातावर मोजून दिल्या. आबांनी त्या एकेक करून पाहिल्या, तोंडात टाकल्या आणि अर्धा तांब्या पाणी प्यायले. मग जरा अवसान आणून म्हणाले, "लसनाचं पानी मी सोडनार नाही."

"आबा, तुम्ही लसूनना मळा खाई टाका," नाना म्हणाले, "पन गोळी सोडानी नही."

ते जाडसर गृहस्थ हळूच माझ्या बाजूला आले आणि शुगरची तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची की जेवून, असं विचारलं. मला वाटतं, त्या दिवशी माझं सर्वांत मोठं यश तेच.

दुसऱ्या दिवशी आबा भरती झाले. ईसीजी चांगला होता. व्हिनेगर तेवढं सरांनी बंद केलं, कारण रिकाम्या पोटी ते आणि रक्त पातळ करणारी गोळी यांनी पोटाचं नुकसान झालं असतं. दोन दिवसांनी आबा पुन्हा टेबलावर होते. डावीकडची मोठी वाहिनी आधी घेतली. फुगा फुगवला तेव्हा आबांचं प्रेशर उतरलं आणि त्यांची बडबड थांबली. मी आकडा ओरडले, सरांनी फुगा सोडला, मी पुढचा आकडा ओरडले, मग त्याच्या पुढचा, तो वर चढत होता. आतून आबांचा आवाज आला, "कोनावर वरडू राह्यली?" मी पुढचा आकडा जरा हळू आवाजात वाचला.

स्टेंट नीट बसला. उरलेली वाहिनी मात्र ब्लॉकेजच्या पुढे फारच बारीक होती. तिथे स्टेंट घालण्यात अर्थ नव्हता, ती गोळ्यांवरच ठेवायची, असं सरांनी ठरवलं. संध्याकाळी हे आबांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कागद घेतला नाही.

"झालं बठ्ठं मोकळं?" आबांनी विचारलं.

"नाही. दोन झाल्या. तिसरी बारीक आहे, ती उघडता येणार नाही. ती गोळ्यांवर राहील."

"म्हंजी गोया किती दिवस?"

"काही कमी होतील. काही जन्मभर."

मला वाटलं आता ते पुन्हा वाद घालतील. त्यांनी छताकडे पाहिलं. "बठ्ठ्यांले असंच सांगत जाय," म्हणाले. "नळ्या-बिळ्या नको करू."

मी अजून ठिबक सांगते. शेतकऱ्याला ते झटकन समजतं, त्याला माझा इलाज नाही. पण आता चित्र काढून झालं की मी कागद उलटा करते आणि म्हणते, ठिबक इथे संपलं, इथून पुढे मी सांगते ते ऐकायचं. आणि कोणी फ्लशचं विचारलं तर ॲसिड नळीत चोवीस तास ठेवतात, हे मला आता माहीत आहे.

घरी जाताना आबांनी सुमनअक्कांच्या हातातली गोळ्यांची पिशवी स्वतःकडे घेतली. लिफ्टपाशी थांबून मला म्हणाले, "मी पुन्हा बंद केल्या तं?"

"मी फोन करीन."

"रोज?"

"दर सोमवारी."

"जनमभर?"

मला फोनवर बोलायला आवडत नाही, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. नाना मागे उभे राहून मजा पाहत होते. मी म्हणाले, "जन्मभर."

त्याला आता दोन वर्षं होतील. सोमवारी सकाळी पहिली केस लागण्याआधी मी असोद्याला फोन लावते. कागदावर काही लिहून घेत नाही, कारण मला बोलायला मिळतच नाही. एक रिंग वाजते, आबा फोन उचलतात, "खाल्ली" म्हणतात आणि ठेवून देतात.